आज हॅट? काय विशेष?

पुण्यात माणसाने डोक्यात काय घेऊन फिरावं यावर कुणाची हरकत नसते. उलट शहराला त्याचा अभिमानच असतो. डोक्यावर काय घालून फिरावं हा मात्र सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे. हे मी अनुभवाने सांगतो, कारण मी कोथरूडला राहतो आणि हॅट घालतो.

हॅट साधीच आहे. सुती कापडाची, मातकट रंगाची, चारी बाजूंनी कड असलेली. तिला पीस नाही, बिल्ला नाही. ती कुठल्या पक्षाची, पंथाची किंवा क्रिकेट संघाची नाही आणि हीच तिची मुख्य अडचण आहे. पक्षाची असती तर निदान निम्म्या लोकांनी तरी नमस्कार केला असता.

मी मूळचा सोलापूरचा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकतो. दुपारी बाराला उघड्या डोक्याने निघालेल्या माणसाकडे तिथे लोक काळजीने बघतात. घरात भांडून निघाला की काय, अशी शंका त्यांना येते. डोक्यावर काय आहे याला महत्त्व नसतं, काहीतरी असलं म्हणजे झालं. कुणाची पांढरी टोपी, कुणाचा पंचा, कुणाचा ओला टॉवेल. टॉवेल तर आमच्याच गावचा. देशाला अंग पुसायला सोलापूरने टॉवेल दिला, पण पहिला मान आम्ही आमच्या डोक्याला दिला.

पुढे बदली होऊन पुण्याला आलो. नव्या शहरात टॉवेल बरा दिसणार नाही, जरा सुधारावं, म्हणून हॅट घेतली. शोभण्यासाठी म्हणून जी वस्तू विकत घेतली, तिच्यामुळेच मी शोभेनासा झालो.

पहिला आक्षेप आला तो हवामान खात्याकडून. हे खातं आमच्या वरच्या मजल्यावर राहतं. निवृत्त गृहस्थ आहेत. जिन्यात थांबून त्यांनी हॅटकडे बघितलं आणि म्हणाले, “बाहेरगावचे दिसता.”

मी हो म्हणालो.

“तरीच. पुण्यात ऊन लागत नाही.”

त्या दिवशी पारा चाळिशीला टेकला होता आणि त्यांच्या दोन्ही हातांत ताकाच्या पिशव्या होत्या. “आमच्या लहानपणी घरात पंखासुद्धा नव्हता,” असं बजावून ते वर गेले आणि दार लावून त्यांनी एसी सुरू केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जिला हॅट समजतो, ती पुणेकरांच्या लेखी पुण्याच्या हवेवरची टीका आहे आणि ती मी रोज चौकाचौकांतून मिरवतो आहे.

समोरच्या काकूंचा गैरसमज याहून गंभीर होता. एरवी बोडका फिरणारा पुरुष एकाएकी डोकं झाकू लागला की आपल्याकडे त्याचा एक ठरलेला अर्थ असतो. एका संध्याकाळी काकू आल्या. चपला दाराबाहेर हलकेच काढल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी बायकोला विचारलं, “कधी झालं?”

बायकोला वाटलं, हॅटखरेदीबद्दल विचारतायत. ती म्हणाली, “रविवारी. लक्ष्मी रोडला.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. “अगंबाई! भर रस्त्यात?”

“हो ना. मी नको नको म्हणत होते, पण ऐकतंय कोण?”

“वय काय होतं हो?”

इथे मात्र संभाषण अडलं. खुलासा झाल्यावर काकूंचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या. “मग झालं काय टोपी घालायला?” असं विचारून त्या गेल्या. आपण एवढी तयारी करून यावं आणि समोरच्याच्या घरी कुणी गेलेलंच नसावं, हे त्यांना पटलं नाही.

ऊन लागतं म्हणून हॅट घालतो, हे एवढं सरळ कारण कुणालाही पुरत नाही, हा माझा सर्वांत मोठा शोध. दुकानदाराला वाटतं, केस गेले. न्हाव्याला खात्री असते की केस आहेत, पण दुसऱ्याकडून कापून घेतले आहेत. एका लांबच्या मेहुण्याने खाजगीत विचारलं, “रोपण केलंस का? कितीला पडलं?” सोसायटीतल्या मुलांनी मला अंपायर ठरवून टाकलं. मी फाटकातून आत शिरलो की खेळ थांबतो आणि दोन्ही बाजू माझ्याकडे अपील करतात. मी बोट वर केलं तर एक संघ रुसतो, नाही केलं तर दुसरा. हल्ली मी मागच्या दाराने जातो.

कचेरीत साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. मी हिशेब विभागात आहे. साहेब अवघडून म्हणाले, “माझं काही नाही हो. पण बाहेरून लेखापरीक्षक येतात. टेबलावर हॅट दिसली की त्यांना वाटायचं, हा माणूस हिशेबातही काहीतरी वेगळं करत असणार.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेबनिसाचं वेगळेपण ही खरोखरच चौकशीची बाब आहे.

पुण्यात जमत नाही तर निदान सोलापुरात तरी जमेल, म्हणून सुट्टीत हॅटसकट गावी गेलो. स्टँडवरच मित्र भेटला. त्याने मला वरपासून खालपर्यंत आणि मग पुन्हा वरपर्यंत बघितलं. “काय बे, साहेब झालास की पुण्याला जाऊन! टॉवेल चालंना व्हय आता?” म्हणजे पुण्यात मी सोलापूरचा आणि सोलापुरात मी पुण्याचा. दोन्ही गावांचं एकमत होतं ते एवढ्यावरच, की हा इथला नाही.

मग मी जरा बारकाईने बघायला लागलो. आपल्याकडे वेगळं दिसायला बंदी आहे, असं अजिबात नाही. फक्त परवाना लागतो. कवीला झब्बा आणि शबनम यांचा परवाना आहे. चित्रकाराला दाढी आणि विस्कटलेल्या केसांचा आहे. चित्रकार गुळगुळीत दाढी करून आला तर लोक त्याच्या चित्रांवरच संशय घेतील. गवयाला जरीची शाल आणि बोटागणिक अंगठी चालते. परदेशातून नुकत्याच आलेल्या माणसाला अर्धी चड्डी घालून लग्नाला यायची सवलत असते, पण ती जेट लॅग उतरेपर्यंतच. हॅटचा परवाना ट्रेकरला मिळतो. अट एवढीच की पाठीला सॅक हवी, वार रविवार हवा आणि तोंड सिंहगडाच्या दिशेला हवं. तीच हॅट मंगळवारी दुपारी मेथीची जुडी घेऊन परतताना दिसली की परवाना रद्द. आणि माकडटोपीला तर काही नियमच नाहीत. गारवा पडायचा अवकाश, पहाटे टेकडीवर अख्खी ज्येष्ठ पिढी डोळे आणि नाक एवढंच उघडं ठेवून चालताना दिसते. त्यातल्या एकालाही कुणी “काय विशेष?” असं विचारत नाही.

शिवाय सगळे मिळून वेगळे झाले तर परवानाही लागत नाही. १९७४ साली कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला. जगभरातून माणसं आली आणि आधी भगव्या, मग मरून झग्यांत रस्तोरस्ती फिरू लागली. पुण्याने थोडी कुरकुर केली, मग रिक्षाचं भाडं वाढवलं आणि विषय संपवला. कोरेगाव पार्कात आजही माझ्या हॅटकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण मी राहतो कोथरूडला. एकटा वेगळा वागला तर विक्षिप्त, शंभर जण वागले तर पंथ, आणि सगळेच वागले तर ती आपली थोर परंपरा, असा हा हिशेब आहे. यात मी हिशेबनीस असूनही कायम शून्य बाकीवर.

परंपरेचं म्हणाल तर याच पुण्यात शंभर वर्षांपूर्वी माझी बाजू भक्कम होती. तेव्हा उघड्या डोक्याने घराबाहेर पडणं हाच असभ्यपणा होता. बोडका पुरुष दिसला तर त्याच्या घरी काहीतरी अशुभ घडलेलं असणार, नाहीतर तो स्वतः तरी वाया गेलेला असणार, असं लोक धरून चालत. शाळेत पोरांना टोपी लागायची आणि वकिलांना पगडी. रानडे, टिळक आणि गोखले यांचं आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, मवाळपणा बरा की जहालपणा, यावर कधी जुळलं नाही. पण तिघांच्याही डोक्यावर पगडी होती. एकमत झालेला तेवढाच एक मुद्दा असावा. त्या काळात समोरच्या काकूंच्या पणजीने मला हॅट काढलेली बघून “कधी झालं?” असं विचारलं असतं.

पुढे १९२० च्या सुमारास गांधी टोपी आली आणि देशभर पसरली. सरकारी कचेऱ्यांत ती साहेबांच्या डोळ्यांत खुपायची, म्हणजे तिथेही प्रश्न साहेबांचाच होता. गंमत अशी की सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला गांधीजींनी सदरा आणि टोपी उतरवून फक्त पंचा नेसायचं ठरवलं. ज्यांच्या नावाची टोपी देशाने घातली, ते पुढे आयुष्यभर उघड्या डोक्याने वावरले. टोपी उरली ती अनुयायांकडे आणि मुंबईच्या डबेवाल्यांकडे. त्या दोघांत डबेवाल्यांनी तिचं जास्त चीज केलं.

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्याला मिळतं ते. २०१८ मध्ये तर सत्काराला पुणेरी पगडी घालायची की फुल्यांचं पागोटं, यावरून राजकारण तापलं होतं. वर्तमानपत्रांनी डोक्यावरच्या कापडावर अग्रलेख लिहिले. खुद्द जोतीराव फुल्यांनी मात्र पोशाखाचा प्रश्न फार आधी निकालात काढला होता. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी समारंभ होता. निमंत्रित शेलक्या कपड्यांत, दागदागिन्यांत नटून आले होते. फुले गेले ते शेतकऱ्याच्या वेशात. आणि राणीच्या मुलाला त्यांनी सुनावलं की इथे जमलेली नटलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थानची प्रजा नव्हे, खरी प्रजा बघायची तर खेड्यांत जा. समारंभात न शोभणारा तोच एक माणूस होता आणि सव्वाशे वर्षांनंतरही त्या समारंभातला लक्षात राहिला आहे तो तेवढाच. शोभून दिसलेले बाकीचे कोण होते, ते आठवून बघा.

पण एवढा इतिहास जिन्यात सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टिळकांपर्यंत ऐकून घेतात आणि मग म्हणतात, “ते टिळक होते.”

याला वर्तमानातलं उत्तर द्यावं म्हणून मी त्यांना बाल्कनीत उभं केलं. खालून दुचाक्या जात होत्या. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली आणि बायका डोक्याभोवती, कपाळाभोवती, नाकातोंडाभोवती स्कार्फ असा आवळून घेतात की आई लेकीला ओळखू शकत नाही, आणि बऱ्याच जणींचा तोच हेतू असतो. वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात सनकोट. अशा वेशात दुसऱ्या कुठल्या शहरात बँकेत शिरलं तर अलार्म वाजेल, इथे रोखपाल फक्त “सुट्टे आहेत का?” असं विचारतो. आता याच शहरात समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्कूटरवरून फिरत, तेव्हा स्कूटर चालवणारी बाई हाच एक देखावा होता. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्याच बाई, असं म्हणतात. बघायला लोक थांबत असणार. आज स्कूटर न चालवणारी पुणेकर बाई दाखवायची म्हटलं तर हिंडावं लागेल.

“त्यांना धुळीचा त्रास होतो,” गृहस्थ म्हणाले.

“आणि मला उन्हाचा.”

“पुण्यात ऊन लागत नाही,” गृहस्थ म्हणाले.

गंमत म्हणजे हेच शहर हेल्मेट घालायला तयार नाही. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा विरोधाला लगेच कृती समिती सज्ज झाली. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, अशी कारणं पुढे आली. हॅट घालायला एक कारण पुरत नाही आणि हेल्मेट न घालायला डझनभर कारणं तयार असतात. डोकं वाचवणारी वस्तू आम्हाला परकी वाटते. डोकं सजवणारी आपली.

याचा पुरावा मला एका लग्नात मिळाला. बायकोकडचं लग्न होतं. हॅट घरी ठेवायची, हे आदल्या रात्री दोन फेऱ्यांच्या चर्चेनंतर ठरलं होतं. कार्यालयाच्या दारात फेटे बांधणारा माणूस भाड्याने आणून बसवला होता. त्याने माझी मान धरली, खसाखसा कापड गुंडाळलं आणि मागे शेपटा, वर तुरा काढून मला आत ढकललं. आरशात बघितलं तर डोक्यावर राणी रंगाचा, त्यावर हिरव्या लाटा असलेला, जरीच्या काठाचा डोंगर. तो पुढून डोळ्यांवर येत होता, मागून मानेत टोचत होता आणि पंगतीत त्याचा शेपटा शेजारच्याच्या मठ्ठ्यात जात होता. अख्खा दिवस प्रत्येक नातेवाईक जवळ येऊन पाठ थोपटून म्हणत होता, “आता कसा चारचौघांसारखा दिसतोस!”

वरच्या मजल्यावरचे गृहस्थही त्या लग्नाला होते. त्यांच्याही डोक्यावर तसाच डोंगर होता. आम्ही शेजारी शेजारी आइस्क्रीम खाल्लं. आमच्यात प्रथमच मैत्रीची भावना निर्माण झाली.

तेव्हा मला कळलं की आपल्या लोकांना डोक्यावरच्या कशाचंच वावडं नाही. वेगळेपणाचाही त्यांना राग नाही. त्यांना फक्त हे कोणत्या खणात टाकायचं ते कळायला हवं असतं. फेट्याचा खण आहे, पगडीचा आहे, स्कार्फचा आहे. खण सापडेपर्यंत ते प्रश्न विचारत राहतात. आणि कुठल्याच खणात बसत नाही असं दिसलं, की नाइलाजाने तुमच्यासाठी नवा खण करतात. त्याला वेळ लागतो, एवढंच.

यातलं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी जानोरकर अंगात चिंध्यांचा सदरा घालत आणि हातात खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडत फिरत. सोबत एक फुटकं गाडगं. ते चालताना डोक्यावर टोपीच्या जागी आणि जेवताना ताटाच्या जागी. एका वस्तूत दोन कामं. माझ्या हॅटला अजून ते जमलेलं नाही. लोकांनी आधी त्यांना वेडा ठरवलं असेल, हाकललंही असेल. त्यांनी कुणाला कारण सांगत न बसता पुढचा रस्ता झाडायला घेतला. शेवटी लोकांनीच त्यांना गाडगेबाबा म्हणायला सुरुवात केली. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आडनाव विचारलं तर पदवीधरांनाही आठवत नाही, गाडगं मात्र प्रत्येकाच्या पदवीपत्रावर आहे.

माझ्या नावाचं विद्यापीठ होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण सोसायटीत माझाही खण तयार झाला आहे. परवा मी जिना उतरत होतो तेव्हा वॉचमन पार्सलवाल्या पोराला पत्ता सांगत होता, “बी विंग, दुसरा मजला, हॅटवाल्या काकांच्या समोर.” हा पत्ता होता समोरच्या काकूंचा. त्यांना हे कळलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. पण आता गॅसवाल्याला त्या स्वतःच तसं सांगतात, कारण त्यामुळे सिलिंडर लवकर येतो. मागे एकदा हॅट धुवायला टाकली होती आणि मी तसाच दूध आणायला गेलो, तर वाटेत निम्म्या सोसायटीने थांबवून विचारलं, “आज हॅट नाही? काय विशेष? तब्येत बरी आहे ना?” वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तर करड्या आवाजात म्हणाले, “अहो, असं उघड्या डोक्याने फिरू नका. ऊन काय कमी आहे का?”

तेव्हा ज्यांना हिरवी पँट, लाल चष्मा, लांब मिशी, धोतर, नऊवारी किंवा कुंकवाविना कपाळ, असं काही आपलं म्हणून वागवायचं आहे, त्यांना माझा सल्ला आहे. पहिली गोष्ट, कारण सांगू नका. एक सांगितलं की लोक दुसरं मागतात आणि दुसरं सांगितलं की पहिलं खोटं ठरतं. दुसरी गोष्ट, जे घालायचं ते रोज घाला. सणावारी घातलं तर हौस, अधूनमधून घातलं तर नाटक, आणि रोज घातलं तर तोच तुमचा स्वभाव. स्वभावाला औषध नाही हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून मान्य आहे, म्हणून मग ते उपचार थांबवतात. आणि हॅटच घ्यायची असेल तर कड चांगली चार बोटं रुंद बघून घ्या. पुढेच छज्जा असलेली टोपी नाकापुरती. कान आणि मान भाजतातच. पुण्यात ऊन लागत नाही, हे खरं असलं तरी.